उष्ट्या पोळीची खूण

भावकू बेळगावाहून परतला तेव्हा ऊन अजून बांधाच्या पलीकडेच होतं. खडकेवाडीतल्या त्याच्या वावरात कापलेली तंबाखू जमिनीवर पसरली होती आणि घरची माणसं वाकून ती पालटत होती. हे काम दवातच उरकावं लागतं. पान ओलं असतं तोवर लवतं. ऊन चढलं की हात लावताच त्याचा चुरा होतो आणि वर्षाची मेहनत मातीत जाते. म्हणून पौषातल्या बोचऱ्या थंडीत भावकूची बायको रुक्माबाई आणि तिची धाकटी जाऊ बाळाबाई लुगडी खोचून, चिकानं काळ्या पडलेल्या हातांनी ओळीमागून ओळ पालटत होत्या. सासरा नागोजी शेवटच्या ओळीत खोकत होता.

भावकू बांधावर टेकला. त्यानं पटका सोडून मांडीवर घेतला. निपाणीत मोटारीतून उतरून तो अंधारातच चालत आला होता.

"काय झालं रं?" नागोजीनं विचारलं.

"काय व्हायचं! परशाला काय बी झालेलं न्हाय. पलटनीच्या कचेरीत कारकुनानं बगून सांगितलं. त्यो इटालीतच हाय, लढाईवर. धडधाकट हाय. त्याला गोळी लागली न्हाय, का त्यो कुठल्या दवाखान्यात पडलेला न्हाय."

दुसऱ्या कुठल्या घरी ही बातमी आली असती तर साखर वाटली असती. इथं परशरामची बायको, बाळाबाई, मटकन खाली बसली. बसली ती पसरलेल्या तंबाखूवरच. एक पान मोडलं तर घर डोक्यावर घेणारा नागोजी, पण तोही काही बोलला नाही.

झालं होतं ते असं. मागल्या आठवड्यात घरची सगळी वावरात असताना आणि बाळाबाई तापानं घरी पडून असताना एक खाकी कपड्यांतला माणूस दारात आला होता. परशरामच्या पलटणीतला म्हणाला. परशराम जखमी होऊन जहाजातून परत आलाय, बेळगावात दवाखान्यात पडलाय. बरा झाला की पुन्हा लढाईवर धाडतील. पण तिथं एक माणूस आहे, त्याच्या हातावर काही ठेवलं तर तो परशरामचं नाव काढून टाकील आणि गडी घरी येईल. जे काय करायचं ते आजच. आणि म्हाताऱ्याला सांगायचं नाही. तो गाव गोळा करील, साहेबाच्या कानावर जाईल, आणि परशराम घरी यायचा तो तुरुंगात जाईल. बाळाबाईनं गळ्यातली पुतळ्यांची माळ काढून त्याच्या हातात दिली. सासूनं मरताना स्वतःच्या हातानं तिच्या गळ्यात घातलेली ती माळ. येत्या बाजारापर्यंत परशरामला घेऊन येतो म्हणून तो गेला, तो गेलाच. बाजार होऊन गेला तरी कुणी येईना, तेव्हा बाळाबाईनं रडत सगळं घरात सांगितलं आणि भावकू बेळगावला गेला होता.

"आगं पर कोण कुठला, तू माळ दिलीसच कशी?" नागोजी म्हणाला. "दारात आलेल्याला मूठभर जोंधळं घालताना बी आपुन मानूस बगतो."

"त्यानं खूण सांगितली, मामा."

आता ही आपल्याकडची जुनी रीत. लिहिता-वाचता न येणारी माणसं दूरदेशी गेली की निरोप परक्याच्या तोंडून यायचा. परक्यावर भरवसा काय ठेवायचा? म्हणून जाणारा जाताना एक खूण ठेवून जायचा. दोघांनाच ठाऊक असलेली एखादी गोष्ट. निरोप्यानं ती बरोबर सांगितली की समजायचं, माणूस आपल्याच माणसाकडून आलाय. कुलपाला किल्ली तशी निरोपाला खूण. पलटणीत जाताना परशरामनंही बायकोपाशी अशी खूण ठेवली होती.

"कसली खूण?" भावकूनं विचारलं.

बाळाबाई खाली बघत राहिली. नागोजीनं तेच पुन्हा विचारलं तेव्हा तिला सांगावंच लागलं.

"बेंदराच्या दिशी... बैलाच्या निवदाची पुरनपोळी... त्यास्नी भूक लागलीती. त्यांनी तिचा लचका तोडला. मी उष्टी बाजू खाली करून ताटात ठिवली. त्यीच पोळी तुमी बैलाला चारलीसा. 'बैलाची पोळी कुनी उष्टी केली', ही खूण."

नागोजीचं तोंड बारीक झालं. बेंदर म्हणजे बैलांचा सण, त्या दिवशी बैल म्हणजे देव. आणि त्याच वर्षी दिवाळीच्या आत त्यांचा पाखऱ्या बैल फुगून मेला होता. म्हातारा आजवर त्याचं खापर ओल्या चाऱ्यावर फोडत होता.

"म्हंजे देवाला उष्टं चारलं तुमी," तो एवढंच म्हणाला.

भावकूचं डोकं वेगळ्याच वाटेनं चाललं होतं. "ते ऱ्हाऊ द्या, आबा. ही खूण ठावं कुनाला? परशाला आन् हिला. परशा समुद्रापल्याड. मग त्या बाबाला सांगितली कुनी?"

भावकूनं प्रश्न असा टाकला होता की त्याचं उत्तर आपोआप एकाच माणसापाशी जाऊन थांबत होतं. "कसा दिसत हुता त्यो?" त्यानं विचारलं.

"उंच. गोड बोलायचा. डावा कान वरनं कापल्याला."

इतका वेळ एकट्या रुक्माबाईचे हात चालू होते. ते तिथं थांबले.

तो माणूस तिनं पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, त्याच्याशी मनमुराद बोलली होती. संक्रांतीआधीच्या बाजारात ती रताळ्यांची पाटी घेऊन निपाणीत बसली होती. भावकू दावी-कासरे बघायला गेला होता. तेव्हा हा खाकीवाला पुढ्यात येऊन उकिडवा बसला. "आक्का, कुठलं गाव?" म्हणाला. रताळी घेतली, पाटी सारून दिली, घरचं माणूस असल्यासारखा बसून राहिला. घरात सोळा वर्षं राबून रुक्माबाईशी असं निवांत कुणी बोललं नव्हतं. दीर पलटणीत आहे म्हणताच तो हळहळून म्हणाला, "आमचं काय सांगू आक्का, काल एका म्हातारीनं मला दारातनं हाकललं. तिच्याच लेकाचा सांगावा घिऊन गेलतो. म्हनली, तू चोर."

"आमच्यात तसं व्हायचं न्हाय," रुक्माबाई म्हणाली. "आमच्या दिरानं बायकूजवळ खूण ठिवलीया."

"खूण म्हंजे अंगठी असंल."

"कशाची अंगठी! पोळी!" आणि तोंडाला पदर लावून तिनं सगळं सांगितलं. बाळाबाईनं कधीतरी तंबाखूचे शेंडे खुडताना, हसता हसता, कुणाला न सांगण्याच्या बोलीवर तिला ते सांगितलं होतं. तो माणूस डोळ्यांत पाणी येईतो हसला. माणूस हसला की बाईला आणखी सांगावंसं वाटतं. मग पिंपळाजवळचं घर, दिवसभर वावरात असणारी माणसं, सगळं निघालं. शेवटी निघाली ती पुतळ्यांची माळ. सासूची इतकी वर्षं उस्तवार केली थोरलीनं, आणि मरताना म्हातारीनं माळ घातली ती काल आलेल्या धाकटीच्या गळ्यात! हे गाऱ्हाणं तिनं नवऱ्यापुढंही कधी मांडलं नव्हतं. ते तिनं एका वाटसरूपुढं मांडलं.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं. पण जिभेच्या मागं मन असतं, आणि आपल्या मनात त्या वेळी काय होतं ते रुक्माबाईला पक्कं ठाऊक होतं. माळ गेली हे कळलं त्या रात्री, रडणाऱ्या जावेची पाठ चोळताना, तिला पोटात कुठंतरी बरं वाटलं होतं.

"आगं, पालट की! ऊन आलं!" नागोजी ओरडला. रुक्माबाई खाली वाकली.

पुढचे दिवस कापणीचेच होते. दुःख करायला सवड नव्हती. पहाटे पालटायचं, दुपारी पुढची ओळ कापायची, वाळलेली गोळा करून ढीग घालायचे. ढीग दाबायला वर उभं राहून नाचावं लागतं, आणि धुरळा नाकात गेला की शिंकून शिंकून जीव जातो. बाळाबाईचा ताप पुरता उतरला नव्हता. तरी ती सगळ्यांच्या आधी वावरात यायची. तिला कुणी काही म्हणत नव्हतं, हेच वाईट होतं. तिनं भाकरी वाढली तर भावकू ताट सारून म्हणायचा, "थोरलीला वाढाय सांग." तिनं पाण्याची घागर आणली तर नागोजी तहान नाही म्हणायचा आणि थोड्या वेळानं स्वतः विहिरीकडे जायचा. विहिरीवर बाया तिला बघून बोलायच्या थांबत. एकीनं तर तोंडावर विचारलं, "त्यो खाकीवाला एकदाच आलता, का आदी बी येत हुता?"

फौजदाराकडं जायचं कुणी काढलं नाही असं नाही. पण नाव नाही, गाव नाही, चोर शोधायचा कुठं? शिवाय तिथं पहिला प्रश्न हाच विचारला असता की खूण त्याला कळली कशी. घरची अब्रू चव्हाट्यावर कोण नेणार? जी चोरी बाहेर शोधता येत नाही ती माणसं घरात शोधतात.

चौथ्या दिवशी पहाटे दोघी जावा वावरात एकट्याच होत्या. धुकं एवढं की समोरची ओळ दिसत नव्हती. बाळाबाई पालटता पालटता जवळ आली.

"आक्का."

"काय गं?"

"एक इचारू? राग नगं मानू. ती पोळीची गोष्ट मी तुमास्नी सांगितलीती. तुमी कुनाला बोललासा का? चुकून, हसता हसता?"

तिच्या विचारण्यात धार नव्हती. लहान मूल विचारतं तसं ती विचारत होती. रुक्माबाईच्या घशापर्यंत शब्द आले होते. "बोलले गं, माझं मेलीचं तोंड!" एवढंच म्हणायचं होतं. पण भावकूचा हात तिच्या डोळ्यांपुढं आला. बाजारात परक्या गड्याशी दात काढत बसलीस म्हणून तो काय करील ते तिला दिसलं. आणि तिच्या तोंडातून निघालं ते हे:

"मी? मला काय येड लागलंया? तुजी भानगड माज्या गळ्यात बांदू नगंस, सांगून ठिवते."

बाळाबाई दचकली. "न्हाय आक्का, तसं न्हवं. तुमी न्हाय म्हनलासा, झालं. माजं मीच बगते." आणि ती परत आपल्या ओळीला गेली. रुक्माबाई तशीच वाकून राहिली. आपण चोर ते चोर, वर शिरजोर, असं तिचं मन तिला म्हणत होतं, आणि ते खोटं म्हणत नव्हतं.

त्याच संध्याकाळी नागोजीनं ठरवलं. रविवारी बिरदेवाच्या देवळात धाकटीनं भंडारा उचलायचा. देवापुढची हळद हातात घेऊन शपथ वाहिली की गावात पुढं कुणी ब्र काढत नाही. आणि खोटा भंडारा उचलला तर घराचं वाटोळं होतं, ही साऱ्यांची श्रद्धा. बाळाबाईच्या माहेरी सांगावा गेला. तिचा भाऊ शामू आला. भाऊकीतला भरमा आणि चार म्हातारे देवळाच्या ओसरीवर बसले. बाया खाली उभ्या राहिल्या.

नागोजी वाईट माणूस नव्हता. "पोरी, माळ गेली तर गेली. तुज्या सासूची हुती, तिच्यामागं गेली. बैलाचं बी मी इसारतो. तू एवढंच म्हन, 'ही खूण माज्या तोंडातनं भाईर गेली न्हाय.' म्हन आन् भंडारा उचल. मग कोन काय बोलतंय ते मी बगतो."

बाळाबाई पुढं झाली. तिनं हात धुतले होते, तरी तंबाखूचा काळा चीक नखांत होताच. तिनं भंडाऱ्याच्या ताटाकडं हात नेला. नेला, आणि तिथंच थांबली.

"उचल की," भरमा म्हणाला.

"मला उचलाय यायचा न्हाय."

"का?"

तिनं हात मागं घेतला. ओसरीवर कुजबुज झाली. शामूनं मान खाली घातली. रुक्माबाईला मात्र सगळं लख्ख कळलं. खूण तोंडातून बाहेर गेलीच होती, एका जावेपाशी. तेवढ्यासाठी ती देवापुढं खोटं बोलायला तयार नव्हती. आणि जावेचं नाव घ्यायलाही तयार नव्हती, कारण जावेनं नाही म्हटलं होतं आणि तिनं तिच्यावर विश्वास ठेवला होता.

रुक्माबाई बायांतून पुढं आली.

"मामा, तिनं मला सांगितलीती. आन् मी त्याला सांगितली. बाजारात. रताळी इकताना. कानकापल्याला. मीच सांगितली. माळीचं बी मीच सांगितलं."

भरमानं हळूच मान डोलावली. डोलावली ती कौतुकानं.

"जाऊ असावी तर अशी," तो म्हणाला.

"न्हाय वो, खरंच सांगतीया मी!"

"धाकटे, हे खरं हाय?" नागोजीनं विचारलं.

"व्हय," बाळाबाई म्हणाली. "आक्कास्नी सांगितलतं मी."

"मग इतकं दिस का बोलली न्हाईसा? दोघी बी?"

याचं उत्तर दोघींपाशी होतं, पण ते देवळात सांगण्यासारखं नव्हतं. ओसरीवरचा एक म्हातारा हसला. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय, असं त्या हसण्यात होतं.

रुक्माबाईनं भंडाऱ्याच्या ताटाकडं हात टाकला. "मी उचलते! मग तरी पटंल!"

तिचा हात हळदीला लागायच्या आधी भावकूनं मनगट धरलं. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. सोळा वर्षांचा संसार. बायको खरं कधी बोलते आणि खोटं कधी, हे त्याला कळत होतं. ते आत्ताही कळलं. कळलं आणि त्यानं मनगटावरची पकड घट्ट केली. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "चार लेकरांची आई हाईस तू. जावंसाठी खोटा भंडारा उचलून माजं घर बुडवतीस व्हय? माजी बायकू परक्या बापयासंगं बाजारात बोलत बसंल, हे कुनाला तरी खरं वाटंल का?"

कुणालाच खरं वाटलं नाही.

तंबाखूचं बोद, म्हणजे ठासून भरलेलं भलंमोठं पोतं, गड्याच्या बरोबरीनं उचलणारी बाई ती. मनगट सोडवून घ्यायचं म्हटलं असतं तर तिनं घेतलं असतं. ताट हातभर अंतरावर होतं. पण भावकूच्या बोटांत आपलं मनगट आहे, आता आपल्याला काही करता येत नाही, याचं तिला त्या क्षणी हलकं वाटलं. तिनं हिसका दिला नाही. हे कुणी पाहिलं नाही. बाळाबाईनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शामू बहिणीला घेऊन निघाला. परशराम परत आला की तो म्हणेल तसं, असं पंचांनी ठरवलं होतं. तो कधी येणार, येणार की नाही, हे देव जाणे आणि लढाई जाणे. रुक्माबाईनं पहाटे उठून भाकरी केल्या होत्या. ती फडकं घेऊन ओढ्यापर्यंत मागं गेली. बाळाबाईनं भाकरी घेतल्या. शामू पुढं पाण्यात उतरला होता.

"बाळे, मी सांगितलं की गं. समद्यांच्या म्होरं सांगितलं."

"व्हय आक्का, सांगितलंसा." ती रडत नव्हती. "पर वावरात मी इचारलं तवा तिथं कोन हुतं? तुमी आन् मी. तिथं मला एकलीला खरं बोलला असतासा, तर मी देवळात भंडारा खोटा उचलला असता. देवाची माफी मागनं मागितली असती. तुमचं नाव येऊ दिलं नसतं." मग तिनं वाकून रुक्माबाईच्या पायाला हात लावला, थोरल्या जावेच्या पायाला लावायचा असतो म्हणून, आणि ती पाण्यात उतरली.

त्या दिवशी दोघींचं काम एकटीनं करताना रुक्माबाईची कंबर मोडली. दुपारी विहिरीवर गेली तर बायांनी बाजूला होऊन तिची घागर आधी भरू दिली. जी बाई खाकीवाल्याबद्दल विचारत होती तीच म्हणाली, "अशी जाऊ कुनाला मिळायची न्हाय. पर तिला पचली न्हाय बाई."

संध्याकाळी नागोजी सोप्यात कांबळ्यावर बसला होता. भावकू गोठ्यात होता. देवळातून आल्यापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता, आणि त्यानं हातही उगारला नव्हता. म्हाताऱ्यानं तिला हाक मारली.

"थोरले, बस अशी. भरमाचा ल्योक रजा संपवून पलटनीत चाललाय. परशाला मी त्याच्या तोंडी कळवतोय, जुनी खूण आता मोडली म्हनावं. हितनं फुडं माज्याकडनं एक नवी खूण. मला आन् परशालाच ठावं हाय ती, त्यो ल्हान असतानाची. पर मी काय, पिकलं पान. माज्यामागं कुनाला तरी ठावं पायजे. भावकू रागीट. तवा तुज्यापशी ठिवतो."

"नगं मामा."

"आगं ऐक तर."

"मला सांगू नगासा, मामा. पाया पडते तुमच्या. दुसऱ्या कुनाला बी सांगा. मला नगं."

नागोजीला गहिवरून आलं. एवढी मोठी गोष्ट आपल्या झोळीत घ्यायला भिणारी सून त्याला फार गुणाची वाटली. "म्हनून तर तुला," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या अब्रूसाठी आपली अब्रू पनाला लावनारं मानूस कवा दगा देत न्हाय. हिकडं कान कर."

रुक्माबाईनं कान केला नाही. तिनं दोन्ही हात कानांवर दाबून धरले होते. म्हातारा मायेनं हसला, पुढं सरकला, तिचा एक हात त्यानं हळूच बाजूला केला आणि घरात दुसरं कुणी नव्हतं तरी आवाज अगदी खाली आणून ती खूण तिला सांगितली.